ठिपक्यांची की रेघांची

"कातडी कुठाय?" मी विचारलं.

"समुद्रात टाकली," माझा मेहुणा तुके म्हणाला. "कातडी कोण खातं, भाऊजी?"

केळीच्या पानांवर पाकट माशाचे गुलाबी तुकडे रचले होते. मासा भाजायच्या खड्ड्यातले दगड तापले होते. पलीकडे नीरफणसाखाली माझ्या होणाऱ्या विहीणबाई, एलमा, चटईवर ताठ बसल्या होत्या. घारीसारखे पंख असलेली ठिपक्यांची पाकट त्यांच्या कुळाची पूर्वज. ती जिथं शिजली त्या घरची मुलगी त्या करत नाहीत. तिची बहीण रेघांची पाकट मात्र आवडीनं खातात. दोघींचे पंख सारखे, मांसही सारखंच. फरक पाठीवर, आणि पाठ तुकेनं समुद्रात टाकली होती.

"रेघा होत्या ना?"

"काहीतरी नक्षी होती. मी घाईत होतो."

माझी मुलगी नेस्टा नारळ खवता खवता थांबली. "बाबा, तुम्हीच बघा."

दवाखान्यात तीस वर्षं मी मलेरियासाठी रक्ताच्या काचा तपासल्या. दोन सारखे दिसणारे जंतू वेगळे ओळखायचे, एवढंच काम. पहिल्या नजरेवर मी कधी सही केली नाही. डॉक्टर म्हणायचे, "अजून बघताय? रोगी बरा होऊन घरी गेला."

डोकं रश्श्यासाठी ठेवलेलं होतं. सुरीनं जबडा उघडला. मधे दातांची रुंद पट्टी, दोन्ही कडांना बारीक दातांच्या ओळी. ठिपक्यांच्या पाकटीला रुंद दातांची एकच रांग असते, कडेचे बारीक दात नसतात, असं कधीतरी पुस्तकात वाचलं होतं. की उलट होतं? पुस्तकाला वाळवी लागून वीस वर्षं झाली.

"रेघांची म्हणा आणि मोकळे व्हा," तुके कुजबुजला. "कोणाला कळतंय?"

नेस्टा माझ्याकडे बघत होती.

मी जबडा पानावर घेतला आणि नीरफणसाखाली गेलो.

"विहीणबाई, मला रेघांची वाटते. पण खात्री नाही. हे असं दाखवून तुमचा मान जातो की काय, तेही कळत नाही. तरी तुम्ही बघा."

एलमांनी हात लावला नाही. वाकून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. मला बरं वाटलं, दोनदा पाहणारं आणखी कोणीतरी होतं.

"आमच्या आज्यांना कडेचे दात नव्हते," त्या म्हणाल्या. "टाका खड्ड्यात."

"आणि हे तुमचे आजोबाच निघाले असते, तर?" तुके लांबूनच म्हणाला.

"तर रडून पुरले असते. आणि तुला उपाशी ठेवला असता."

सगळे हसले. एलमा मात्र माझ्याकडेच बघत होत्या. "बाकीच्या घरांनी विचारलं नसतं," त्या हळूच म्हणाल्या. मग चटईवर थोड्या सरकल्या आणि नेस्टाला हाक मारली.

"ये गं. इथं बस माझ्याजवळ."

नेस्टा हात पुसून गेली आणि बसली. तिची पाठ माझ्याकडे होती. दोघींचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. मी दगडांवर पानं पसरायला घेतली.