ही बाजू वर

मित्रांनो, माणसाला काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा शेवटचा निकाल या जगात फक्त मी देतो. सरपंच असो, मास्तर असो, नाहीतर मोटारीतून उतरलेला साहेब असो, माझ्यासमोर प्रत्येकाला एक डोळा झाकून निमूट उभे राहावे लागते. अशी सत्ता भल्याभल्यांच्या नशिबी नसते.

मी एक जुना पत्र्याचा तक्ता आहे, डोळे तपासायचा. सध्या मी पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका सेवा मंडळाच्या कचेरीत, कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा आहे. बऱ्याच दिवसांत मला भिंतीखेरीज काही दिसलेले नाही. भिंतीला पोपडे आले आहेत, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

माझा जन्म रंगनाथ पेंटरच्या दुकानात झाला. तेव्हा देशाची दारे परदेशी कंपन्यांना नुकतीच उघडली होती आणि रंगनाथ थंड पेयांच्या पाट्या रंगवण्यात बुडालेला होता. त्यातून सवड काढून त्याने मला रंगवले. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी मी आहे. त्यामुळे माझ्या अंगावर अक्षरे नाहीत, तीन दातांचे एकच चिन्ह आहे. वर एक मोठे, खाली लहान लहान होत जाणारे. कुठे दात उजवीकडे, कुठे डावीकडे, कुठे वर, कुठे खाली. ते कुणीकडे आहेत, एवढेच समोरच्याने सांगायचे. गावातल्या लोकांनी त्या चिन्हाला दाताळे म्हणायला सुरुवात केली. बांधावर पालापाचोळा गोळा करायला दाताळे सगळ्यांनीच ओढलेले होते.

मंडळाचे चिटणीस गोपाळकृष्णराव मला न्यायला आले, तेव्हा मी दुकानात उलटा वाळत होतो.

"उलटा आहे हा," गोपाळकृष्णराव म्हणाले.

"साहेब, याला उलटं काय आन् सुलटं काय? दात फक्त हिकडचे तिकडं जातात."

"तेच म्हणतोय मी. शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

गोपाळकृष्णरावांची सारी हयात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली होती. तिथे कोणती बाजू वर, याला फार महत्त्व असते. त्यांनी घरी जाऊन सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्या कपाळावर चिकटवली: 'ही बाजू वर. तक्ता उलटा टांगणाऱ्याने परिणामांस तयार राहावे.'

मित्रांनो, पुढची दहा-बारा वर्षे मी सन्मानाने काढली. दर हिवाळ्यात मंडळाची जीप हिंजवडीवरून पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या टेकवाडीला जायची. वाटेत दरवर्षी शेते कमी व्हायची आणि काचेच्या इमारती वाढायच्या. टेकवाडी मात्र होती तशीच होती. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात मला खिळ्याला अडकवत. ज्याला माझी दाताळी नीट दिसली नाहीत, तो आत डॉक्टरांच्या बॅटरीपुढे जायचा. तिथे मोतीबिंदू निघाला की पुण्यात नेऊन फुकट शस्त्रक्रिया, काळा चष्मा आणि शिरा. ज्याला दिसली, तो उजव्या हाताच्या टेबलाकडे वळायचा. तिथे चहा आणि बिस्किटे.

माझ्याशेजारी छडी घेऊन श्यामलाबाई उभ्या राहत. त्या निवृत्त शिक्षिका. अंगात माया फार. त्यामुळे छडी नेहमी त्याच क्रमाने फिरायची आणि बरोबर उत्तराला "शाब्बास" मिळायचे. चुकलेल्याला त्या चष्म्यावरून बघत आणि हळूच म्हणत, "अहो, मन लावून बघा ना जरा." जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या बायका तेव्हा अशा काही ओशाळायच्या की पदर तोंडाला लावायच्या.

नापास व्हायला कुणाला आवडते? रांगेत मागे उभ्या असलेल्या बाया कान देऊन ऐकू लागल्या. एका हिवाळ्यात ऐकलेले पुढच्या हिवाळ्यापर्यंत जात्यावर घोळवू लागल्या. उजवीकडे, खाली, वर, पुन्हा उजवीकडे. त्याला चाल लागली.

आणि टेकवाडीची नजर दरवर्षी सुधारू लागली. ना औषध, ना चष्मा. आता मंडळाला हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा आधार मिळाला होता. तिथला अवधूत नावाचा तरुण शिबिराला यायचा. त्याने लॅपटॉपवर चढता आलेख काढला आणि म्हणाला, "सर, हे अमेझिंग आहे. असा इम्पॅक्ट कुठल्याच प्रोजेक्टला नाही." गोपाळकृष्णरावांना शाल आणि नारळ मिळाला. मी पत्र्याचा. मी काय बोलणार?

आता दुर्गाबाईंचे सांगतो. त्यांचे सांगायचे म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे.

दुर्गाबाई साठीच्या. त्यांची सून आनंदी हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. कंपनीची बस तिला फाट्यावर घ्यायची. घरात पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला होता. आनंदीची दोन वर्षांची लेक सृष्टी दिवसभर आजीजवळ असायची. त्या हिवाळ्यात व्हरांड्याच्या कठड्यावर बसून दुर्गाबाई शेजारच्या विमलाबाईंकडून पाठ करून घेत होत्या. मी त्यांच्या डोक्यावरच होतो.

"अगं, दिसत न्हाई तर आत जा की गुमान. डागदर मोती काढतोय," विमलाबाई म्हणाल्या.

"मोती काढला की महिनाभर चुलीपाशी जायचं न्हाई, पोर उचलायची न्हाई. आनंदी कामावर कशी जाईल? आन् म्हातारी आंधळी हाय म्हनल्यावर पोर माझ्यापाशी ठेवंल का ती? तू म्हन. वर झालं. फुडं?"

"पुन्हा उजवीकडं."

मित्रांनो, त्या दिवशी देव माझ्यावर प्रसन्न झाला होता. श्यामलाबाई पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्यात अडकल्या होत्या, म्हणून मला टांगायचे काम अवधूतकडे आले. कपाळावरची चिठ्ठी न वाचता त्याने मला उलटा टांगला. जगात येताना होतो तसा. उजवीकडची दाताळी डावीकडे गेली, वरची खाली आली. आणि रांगेत पहिल्या होत्या दुर्गाबाई.

अवधूतने तळाशी गेलेल्या मोठ्या दाताळ्यावर छडी टेकवली. दुर्गाबाईंनी एक डोळा झाकला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. उजवीकडे, खाली, वर. एकही बरोबर नाही. अवधूतने छडी हलवली, आणखी हलवली. मग तो मऊ आवाजात म्हणाला, "आजी, तुम्हाला दिसत नाहीये. आत डॉक्टरांकडे चला." त्याने त्यांचा हात धरला. दोन पावले टाकलीसुद्धा. मी खिळ्यावर श्वास रोखून होतो.

तेवढ्यात गोपाळकृष्णराव आले.

"थांबा. हा तक्ता कुणी टांगला?"

"मी, सर."

"चिठ्ठी वाचता येते ना? मराठीत आहे. उलट्या तक्त्यावर उलटीच उत्तरं येणार. त्यात या बाईंचा काय दोष?" आणि दुर्गाबाईंना हात जोडून म्हणाले, "माफ करा हं, चूक आमची आहे."

मित्रांनो, डोळ्याने बघणारा माणूस समोर जे असेल ते वाचतो. समोर नसलेले कोण वाचतो, हे त्या व्हरांड्यात फक्त मला ठाऊक होते. मी खिळ्यावरून पडायचा प्रयत्न केला. पत्र्याला तेवढेही जमत नाही. गोपाळकृष्णरावांनी मला सुलटा केला, रुमालाने पुसला आणि स्वतः छडी धरली. दुर्गाबाईंनी पहिल्यापासून म्हटले. एकही चूक नाही.

"शाब्बास," दारातून बाहेर येत श्यामलाबाई म्हणाल्या.

दुर्गाबाई उजव्या हाताकडे वळल्या आणि चहाच्या कपाच्या थोडे अलीकडेच त्यांनी हात घातला. टेबलामागच्या माणसाने कप हातात दिला. थंडी होती. त्याला वाटले, म्हातारीचा हात कापतोय.

पुढच्या हिवाळ्यात आनंदी त्यांना हाताला धरून घेऊन आली. सृष्टी आनंदीच्या कडेवर होती. आनंदीची नोकरी सुटली होती. सृष्टी विहिरीच्या काठाशी पोचली तरी आजीला दिसले नव्हते. शेजारणीने धावत जाऊन पोर उचलली, म्हणून पुढचे टळले. डॉक्टरांनी व्हरांड्यात येऊन बॅटरी मारून पाहिले, विझवली, पुन्हा मारली. मोती पिकून आत दाब वाढला होता आणि नजर कायमची गेली होती. गेल्या वर्षी आणायला हवे होते, ते म्हणाले.

"गेल्या वर्षी तर यांनी इतकं छान वाचलं होतं," श्यामलाबाई म्हणाल्या.

दुर्गाबाई आवाजाच्या दिशेने वळल्या. "आजून येतंय की बाई. म्हनून दाखवू?"

आणि कठड्याकडे तोंड करून, एक डोळा झाकून त्यांनी सगळे म्हणून दाखवले. उजवीकडे, खाली, वर, पुन्हा उजवीकडे. एकही चूक नाही. मी त्यांच्या पाठीमागे होतो.

या वेळी कुणी शाब्बास म्हटले नाही. श्यामलाबाईंनी छडी खाली ठेवली.

मग मंडळाची बैठक झाली. तक्ता जुना झाला आहे, असे एकमताने ठरले. कंपनीने डोळे तपासायचे यंत्र दिले. यंत्र चांगले आहे. ते कुणाचे ऐकून घेत नाही. त्याला फक्त वीज लागते आणि टेकवाडीत भारनियमन आहे. त्यामुळे यंत्र पुण्यातच असते, आणि टेकवाडीच्या लोकांनी इकडे यावे असे पत्रक निघाले आहे. ते बारीक अक्षरात आहे.

तर मित्रांनो, वस्तूंची निगा राखा वगैरे मी सांगणार नाही. माझी बऱ्यापैकी निगा राखली गेली. नेमाने पुसला जायचो. लोकांवर दया करा, असेही सांगत नाही. ती तर सगळ्यांनीच केली. वीज नसेल त्या दिवशी कधीतरी माझी आठवण होईल. तेव्हा मला कपाटामागून काढा, जाळी झटका आणि टेकवाडीला न्या.

आणि टांगताना चुकून उलटा लागलो, तर तेवढा राहू द्या.