पाऊल पोचेल इतकी उंची

हातोडीचा एक टोला, आणि त्यामागून तळ्यातल्या वलयासारखा गोल पसरत जाणारा दीर्घ नाद. भिकानानांची आठवण मला नेहमी अशी कानातून येते. चेहरा मागाहून दिसतो. गाडीच्या चाकांपाशी एकावर एक रचलेले वाकडे पोलादी पाटे असतात, त्यांना आमच्याकडे कमान म्हणतात. नाना ते पाटे सुटे करत, एकेक पाटा चिंचेच्या फांदीला दोरीने टांगत, डोळे मिटत आणि हलकेच टोला देत. धड पाटा देवळातल्या घंटेसारखा घुमे. आतून तडकलेला पाटा सर्दी झालेल्या माणसासारखा बोले. दृष्टीला अगोचर असलेली ती भेग नानांना ऐकू येई, आणि मग त्यांच्या मुद्रेवर वैद्याची करुणा उतरे. “दमलाय गडी,” असं म्हणून ते तो पाटा उचलून सावलीत नेऊन ठेवत. लोखंडाला कसली आलीय सावली, असं मी एकदा विचारलं. “त्यानं आयुष्यभर दुसऱ्याचं वजन पेललंय,” नाना म्हणाले, आणि पुढच्या पाट्याकडे वळले.

घोडेगावातून डोंगराकडे निघालेल्या रस्त्याच्या कडेला चार पत्र्यांचं त्यांचं दुकान. पत्र्याच्या भोकांतून सकाळचे कवडसे उतरत आणि गाडीखाली सरकणाऱ्या नानांच्या पाठीवरून मासोळ्यांसारखे निसटून जात. माणूस सत्तरीचा, अंगाने कारवीच्या काठीसारखा सडसडीत. पण गाडीखालून बाहेर येताना नेहमी हसत येई, जणू खाली अंधारात कुणी त्याला एक फर्मास विनोद सांगितला होता. मोजायची टेप त्यांनी कधी बाळगली नाही. बोट, वीत आणि हात, एवढ्या तीन मापांत त्यांचं सगळं विश्व मावत असे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, दोन वर्षं कंपनीत काढली, आणि मग चारही चाकं ओढणारी एक जुनी पिकअप घेऊन आहुप्याच्या बाजूच्या वाड्यांवर किराणा पोचवू लागले. येताना तांदूळ आणि हिरडा उतरवू लागले. गाडीला रंग दिला तेव्हा पुढच्या दोन्ही मडगार्डांवर, चाकाच्या अगदी कडेशी, पिवळ्या अक्षरांत माझं नाव आणि त्यापुढे ‘बी.एस्सी.’ असं लिहून घेतलं. लोक हसले. हसू देत.

आई वर वाडीत एकटी राहायची. डांबर संपल्यावर दोन मैल नुसता खडक, आणि मध्ये ओढ्याचं पात्र. तिचे गुडघे गेले तेव्हा घोडेगावच्या डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. एकदा चौघांनी तिला झोळीत घालून खाली आणलं. सारा वेळ तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता. चाकणला राहणारा माझा भाऊ सरळ म्हणाला, गाडी दारात जात नसेल तर दिवाळीनंतर आई माझ्या खोलीवर येईल. आईला खोली नको होती. तिला तिचं भाताचं खाचर, तिची शेळी आणि समोरच्या कड्यावरून दुलईसारखं घसरत येणारं धुकं हवं होतं. तिचं ते घर टिकवायचं तर माझी गाडी ओढा ओलांडून गेली पाहिजे होती, एवढं साधं गणित होतं.

गणितात माझा हातखंडा. मी कागदावर दगडांच्या उंच्या मांडून नानांकडे गेले. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, मग बाजूला ठेवला.

“तुझा मागच्या चाकांमधला लोखंडी गोळा घासतोय. त्यो उचलायचा तर टायर मोठं घाल. कमान उचलून गोळा उचलत न्हाई, त्यो कमानीच्या खालीच हाय. टायर मडगार्डाला लागू नये म्हणून कमान चार बोटं उचलतो, अन् मडगार्डाची कड कापतो. झालं.”

“कड कापायची नाही.”

“का गं?”

मी अक्षरांकडे बोट दाखवलं. नाना गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि एकेक अक्षर लावत वाचत राहिले. “खरंय,” ते गंभीरपणे म्हणाले, “शिक्षणाला कात्री लागंल.” मग कड न कापता कमान चारऐवजी आठ बोटं उचलायची ठरली. पाटे आणि चाकांना जोडणारा आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवताना त्यांनी एकदाच मान वर केली. “बसणार कोण कोण?”

“ते मी बघते, नाना. तुम्ही उंचीचं बघा.”

नानांनी उंचीचं पाहिलं. मोठ्या टायरांवर, आठ बोटं वर उचललेली ती गाडी चिंचेखाली उभी राहिली तेव्हा पाय ताठ करून उभ्या राहिलेल्या खोंडासारखी दिसत होती. ओढ्यातले दगड तिने असे पार केले की मी एकटीच मोठ्याने ओरडले. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडू लागलं होतं आणि त्या मऊ सुवर्णप्रकाशातून आमची गाडी पहिल्यांदाच थेट आमच्या अंगणात शिरली. आई बाहेर आली. तिने गाडीच्या दाराची मूठ धरली, पाय उचलला, आणि तो अर्ध्या वाटेवर थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा थांबला.

“अगं येडे,” ती म्हणाली, “ह्या मचाणावर मी चढू व्हय?”

मी दगडांची उंची मोजली होती, ओढ्याचा उतार मोजला होता, टायरचा व्यास मोजला होता. ज्या एका पावलासाठी हे सारं चाललं होतं, ते तेवढं मोजायचं राहिलं होतं. शेजारच्यांनी बाज आणून लावली. पण डॉक्टरांच्या दारात बाज कुठून आणायची? मी उचलून बसवते म्हटलं, तर आई जोत्यावर जाऊन बसली. उचलून घ्यायचंच असेल तर झोळी काय वाईट होती, असं तिची वळलेली पाठ म्हणत होती. दिवाळी बारा दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी नानांपुढे उभी राहिले. “आठ बोटं माझी चूक,” एवढंच म्हणाले. नानांनी दुकानाचा पत्रा ओढला, टोपी झटकली आणि गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले.

अंगणात उतरल्यावर त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. कुंपणातली कारवीची एक काठी कापली, आईच्या पुढ्यात ती जमिनीवर उभी धरली आणि स्वतः उकिडवे बसले.

“आक्का, भिताडाला धरा. पाय उचला. दुखंस्तोवर न्हाई हां. दुखायच्या आधी थांबा.”

“पावणं, लई शिकल्याली पोरगी हाय माझी,” आई पाय उचलता उचलता म्हणाली, “तिला रागवू नका.”

“म्या कशाला रागवू? म्या तर चौथी नापास.”

आई हसली, आणि हसण्याच्या भरात तिचं पाऊल जिथे सहज तरंगत थांबलं, तिथे नानांनी चाकूने काठीवर खाच पाडली. क्षणभर विचार करून तिच्याखाली दोन बोटांवर दुसरी खाच पाडली. “ही थंडीतली, गुडघं आखडल्यावरची,” ते म्हणाले. परतताना सबंध घाट ती काठी त्यांनी मांडीवर आडवी धरली होती, झोपलेलं मूल धरावं तशी.

दुकानात आल्यावर ठोकळे निघाले, निम्म्या उंचीचे बसले. मडगार्डाची कड मी स्वतः कापली. नानांनी यंत्र हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरले. ठिणग्यांच्या पिवळ्या पावसात माझी पदवी दोन्ही बाजूंनी खाली पडली, आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. मग थंडीतल्या खाचेपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत नानांनी दोन पायऱ्या जोडल्या, तशीच हाताने धरायला एक आडवी नळी. ओढ्यात गोळा कुठेच घासला नाही. दिवाळीच्या आधल्या सोमवारी आई नळी धरून, पहिली पायरी, दुसरी पायरी, अशी स्वतःच्या पायांनी चढली, पदर सारखा केला आणि काच खाली करायला सांगितली. वाटेत भेटेल त्याला ती हात करत होती. भावाला मी फोनवर फक्त एवढंच कळवलं, की आई आज भाजी घेऊन, डॉक्टरांना दाखवून, पुन्हा घरी गेली.

नाना जाऊन आता दोन वर्षं झाली. चिंचेखाली कुणी रसवंती मांडली आहे, आणि तिच्या घुंगरांचा आवाजही वाईट नाही. आई अजून वाडीतच आहे. मात्र या हिवाळ्यात पहिल्या पायरीशी तिचं पाऊल जरासं घुटमळताना मी पाहिलं. कारवी सात वर्षांनी फुलते म्हणतात. ती पुन्हा फुलेपर्यंत ते पाऊल आणखी किती बोटं खाली उतरलं असेल कोण जाणे, काळ असाच बोटाबोटाने उतरत असतो. परवा कुंपणातून मी एक सरळ काठी कापली, आईपुढे उकिडवी बसले आणि म्हणाले, दुखायच्या आधी थांब. गेलेल्या माणसाचा आवाज आपल्या तोंडून निघतो तेव्हा तो माणूस नेमका किती लांब गेलेला असतो, हे मोजायला माझ्याकडे अजून माप नाही.