उत्तर न आलेले एकोणचाळीस

"हे एकोणचाळीस काढून टाका," असं म्हणून सरांनी फॉर्मांचा पातळ गठ्ठा टेबलाच्या कडेला सरकवला. "उत्तर आलं नाही, विषय संपला. एकशे पंचवीस म्हणजे भरपूर झाले, मॅडम."

बाईंनी मान हलवली. खरं तर त्यांना हायसंच वाटलं. आठ वर्षं मानेवर बसलेलं काम आता उतरायच्या बेतात होतं.

बाई कॉलेजात वाणिज्य शिकवायच्या. वय बावन्न. पीएचडी नव्हती म्हणून विभागप्रमुखाची खुर्ची दोनदा हुलकावणी देऊन गेली होती. सर त्यांचे मार्गदर्शक. विषय होता लघुउद्योगांतील पुरवठा साखळीचे व्यवस्थापन, व्यावसायिक कामगिरी आणि तिचे आर्थिक परिणाम. बाईंचे यजमान बस डेपोत टाइमकीपर होते. ते म्हणायचे, "तुझ्या विषयाचं नाव वाचून होईपर्यंत माणसाचा स्टॉप येतो."

सहा वर्षांपूर्वी बाईंनी शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत स्कूटरवरून फिरून एकशे चौसष्ट छोट्या कारखान्यांकडून चार पानी फॉर्म भरून घेतले होते. कुणी रबराच्या चकत्या करायचं, कुणी खोकी, कुणी स्क्रू, आणि सगळा माल जायचा मोठ्या कंपन्यांकडे. कच्चा माल किती दिवसांचा ठेवता? गिऱ्हाइकं किती? माल रोजच्या रोज देता का? प्रत्येक प्रश्नापुढं एक ते पाच आकडे, त्यातल्या एकाभोवती गोल करायचा. यंदा त्याच लोकांना पोस्टानं दुसरा फॉर्म पाठवला: आता धंदा कसा आहे? एकशे पंचवीस जणांची उत्तरं आली. निष्कर्ष असा निघाला की जे साठा कमीत कमी ठेवतात, एकाच मोठ्या कंपनीशी बांधून घेतात आणि लागेल तसा माल पुरवतात, त्यांची भरभराट झाली. पाठ्यपुस्तकात हेच लिहिलेलं होतं. संगणकानं आकड्यांपुढं मानाच्या चांदण्या लावल्या होत्या, म्हणजे हा निष्कर्ष योगायोगाचा नाही. त्या बघून सर इतके खूश झाले, की शिपायाची वाट न बघता स्वतः उठून चहा सांगून आले.

"एक कागद तेवढा जोडा," ते म्हणाले. "उत्तर न देणाऱ्यांच्या पत्त्यावर तुम्ही स्वतः जाऊन आलात, असा. विद्यापीठाचा नियम आहे. दारापर्यंत जा, तारीख टाका, परत या. आत जायचीसुद्धा गरज नाही."

कॉलेजला सुट्टी लागली होती. दुसऱ्याच दिवशी बाईंनी स्कूटर काढली.

पहिल्या दाराला कुलूप होतं. दुसऱ्या दारावर कुलूप नव्हतं, पण आत पाण्याच्या बाटल्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती आणि तिथल्या माणसाला आधीच्या मालकाचं नाव माहीत नव्हतं. तिसऱ्या शेडचे पत्रे कुणीतरी काढून नेले होते. बाई वहीत तारीख टाकत होत्या आणि पुढं लिहीत होत्या, 'बंद'. सातव्या दारापाशी मात्र त्यांचा हात थांबला.

इथं स्प्रिंगवाले काका असायचे. बाईंना तो दिवस लख्ख आठवत होता. बाकीचे लोक मशीन चालवता चालवता उत्तरं फेकायचे. काकांनी आधी साबणानं हात धुतले आणि मगच पेन हातात घेतलं. मागच्या खोलीत काकू लहान स्प्रिंगा मोजून पाकिटात भरत होत्या. त्यांना विचारून विचारून काकांनी एकेक गोल केला होता. "पाच म्हणजे चांगलं ना, मॅडम? मग आमचं सगळं पाचच. कुठं कमी असेल तर सांगा, सुधारू."

"काका होय?" शेजारच्या लेथवाल्यानं मान वर न करता सांगितलं. "ते आता मोठ्या गोदामाच्या फाटकावर असतात. गाड्यांचे नंबर लिहून घेतात."

तारीख टाकून झाली होती. बाईंना तिथूनच घरी जाता आलं असतं. त्यांनी स्कूटर गोदामाकडं वळवली.

फाटकाशी पत्र्याची केबिन होती. आत एक खुर्ची, एक रजिस्टर आणि मान न वळणारा पंखा. गणवेशाचा शर्ट काकांच्या खांद्यांवरून उतरला होता. ओळख आधी त्यांनाच पटली.

"फॉर्मवाल्या मॅडम ना? या, या. बसा." त्यांनी एकुलती खुर्ची पुढं केली आणि स्वतः दाराला टेकून उभे राहिले. "तुमचा फॉर्म आला होता पोस्टानं, शेजारच्या लेथवाल्यानं आणून दिला. दोनदा भरायला घेतला, पण नाही जमलं. राग मानू नका."

"छे हो, राग कसला? माझ्याकडं कोरा आहे. भरायचा का आत्ता?"

काकांनी खिशातून चष्मा काढला. पहिलाच प्रश्न होता: गेल्या तीन वर्षांत तुमच्या व्यवसायाची वाढ कशी झाली? काकांनी एक ते पाच आकड्यांवरून पेन फिरवलं.

"इथंच अडतं बघा. हे एकापासून सुरू होतं. शून्य कुठं लिहायचं?"

फॉर्म बाईंनीच तयार केला होता. समितीतल्या तीन प्राध्यापकांनी तो तपासला होता. कुणालाच शून्य सुचलं नव्हतं.

बाईंनी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, एकाच्या आधी नीट एक शून्य काढलं आणि पेन परत दिलं. काकांनी त्या शून्याभोवती गोल केला, सहा वर्षांपूर्वी करत होते तसाच, जपून.

"कसं झालं, काका?"

"कसं म्हणजे? चुकलं माझं." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमच्या पहिल्या फॉर्मच्या थोडं आधी कंपनीचे साहेब आले होते. चांगला माणूस, खोटं कशाला बोलू? म्हणाले, एवढी तार कोपऱ्यात कशाला लोळत ठेवता? सकाळी आम्ही सांगत जाऊ, संध्याकाळी तुम्ही द्या. मला पटलं. तार ठेवायची खोली मोकळी केली, तिथं आणखी एक मशीन बसवलं. दोन जुनी गिऱ्हाइकं होती, त्यांना हात जोडले. म्हटलं, आता नाही झेपत. दोन वर्षं अशी गेली मॅडम, मान वर करायला सवड नव्हती."

"आणि मग?"

"तार बोटीनं यायची. बंदरावर संप झाला. पाच आठवडे तार नाही. पूर्वीचे दिवस असते तर घरात दोन महिन्यांची पडलेली असायची, पण तेव्हा एक वेटोळं नव्हतं. कंपनी तीन दिवस थांबली. चौथ्या दिवशी त्यांनी दुसरीकडून स्प्रिंगा घेतल्या. त्यांचंही बरोबरच आहे, त्यांची लाइन थांबते. मी जुन्या गिऱ्हाइकांकडं गेलो. त्यांनी चहा पाजला, बाकी काही नाही."

बाहेर हॉर्न वाजला. काका गेले, ट्रकचा नंबर लिहिला, आडवा बांबू वर केला, खाली केला आणि परत आले. बोलणं तुटलं होतं तिथूनच त्यांनी पुन्हा धरलं.

"मेव्हणा म्हणतो, धंद्याला डोकं लागतं. चारचौघांत म्हणतो. मी काय बोलणार? एवढी वसाहत आहे, बाकीचे टिकलेच की. मलाच नाही पेललं. ही काही बोलत नाही, पण स्प्रिंग दिसली की तोंड फिरवते. साधी बॉलपेनातली दिसली तरी." मग एकदम त्यांनी विचारलं, "तुमच्या अभ्यासात काय निघालं, मॅडम? साठा कमी ठेवणारे चांगले चालले का?"

"बघते आहे अजून," बाई म्हणाल्या. सरांच्या टेबलावर उत्तर तयार होतं, की हो, चांगले चालले.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत बाईंनी उरलेले सगळे शोधून काढले. खोकीवाला टॅक्सी चालवत होता. रबरवाला लेकीकडं दुसऱ्या शहरात होता. तो फोनवर उत्तरं देता देता मध्येच म्हणाला, "पुरे आता," आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून उरलेली उत्तरं दिली. स्क्रूवाले वारले होते. त्यांच्या बायकोनं उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं, आत या म्हणाली नाही. पाच जण नुसते जागा बदलून गेले होते. तिघांनी आळसानं उत्तर दिलं नव्हतं. एकतीस बंद पडले होते.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर बाईंनी त्या एकतीस जणांचे सहा वर्षांपूर्वीचे फॉर्म मांडले. यजमान एकेक फॉर्म उचलून आकडे वाचत गेले आणि बाई लिहीत गेल्या. साठा कमीत कमी? पाच. एकच गिऱ्हाईक? पाच. पाच. पाच.

"अगं, हे तर सगळे हुशार विद्यार्थी निघाले," यजमान म्हणाले. बाई हसल्या नाहीत, तसा त्यांनी पुढचा फॉर्म उचलला.

एकतिसांपैकी सव्वीस जणांनी पुस्तकात सांगितलं होतं तेच केलं होतं, अगदी तंतोतंत. बाईंनी ते आकडे इतरांच्या आकड्यांत मिळवले आणि संगणकाला पुन्हा हिशेब करायला लावला. चांदण्या गेल्या. एकही उरली नाही.

सरांनी ते कागद उभ्यानंच वाचले, मग बसून वाचले.

"टिकलेल्यांनाच विचारलं, तर टिकलेल्यांचा उपाय बरोबरच ठरणार ना, सर?" बाई म्हणाल्या. "बुडालेल्यांनीही तोच उपाय केला होता. त्यांना आपण विचारलंच नव्हतं."

"अहो मॅडम, मला कळतं ते." सरांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "दोन महिन्यांनी मी निवृत्त होतोय. तुमची मुदतही तेव्हाच संपतेय. दोन प्रकरणं नव्यानं लिहायची, परत समितीपुढं ठेवायची. आठ वर्षांचं जुनं काम नवा माणूस पदरात घेईल का? आणि एवढं करून निष्कर्ष काय, तर ठाम काही सांगता येत नाही! त्याला पदवी कोण देतं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला. तो स्वच्छच होता.

"माझ्या प्रबंधात असे अकरा होते," ते म्हणाले.

"मग?"

"काढले." ते खिडकीकडं बघत होते. "मी कुणाच्या दारावर गेलो नाही. गेलो नाही ते बरंच झालं, असं आजवर वाटत होतं."

एकोणचाळीस फॉर्म ठेवा असं ते म्हणाले नाहीत, आणि काढा असंही पुन्हा म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर बाईंनी यजमानांना सगळं सांगितलं. ते बूट काढत होते. एक काढून झाला, दुसरा हातातच राहिला.

"म्हणजे प्रमुख व्हायचं राहिलं."

"राहिलं."

"डेपोत सांगून ठेवलं होतं गं मी. कंट्रोलर तर आत्ताच विचारायला लागलाय, डॉक्टरीणबाई कशा आहेत म्हणून." त्यांनी दुसरा बूट जागेवर ठेवला. "सांगेन काहीतरी. तू लिही."

बाईंनी दोन्ही प्रकरणं नव्यानं लिहिली. मुदत उलटून गेली. सरांनी नोकरीच्या शेवटच्या दिवशी मुदतवाढीची शिफारस स्वतःच्या अक्षरात लिहून विद्यापीठात नेऊन दिली. चार महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं: विनंती मान्य करता येत नाही. पुढच्या वर्षी विभागप्रमुखाच्या खुर्चीत बाईंहून बारा वर्षांनी लहान प्राध्यापिका बसली. बाईंनी सूचनाफलक वाचला, तिचं अभिनंदन केलं आणि तासाला गेल्या. त्या दिवशी साठ्याचं व्यवस्थापन शिकवायचं होतं. पुस्तकात होतं ते त्यांनी शिकवलं आणि नंतर एकतीस बंद कारखान्यांबद्दल सांगितलं. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण परीक्षेत काय लिहायचं?"

"परीक्षेत पुस्तकातलं लिहा," बाई म्हणाल्या. मग त्या पुढं म्हणाल्या, "बाकीचं लक्षात ठेवा."

सगळ्या कामातून शेवटी उरला तो नऊ पानांचा एक लेख. ज्या त्रैमासिकात तो छापून आला, त्याचे वाचक बहुधा त्याचे लेखकच असावेत. संपादकांनी बाईंना पाच प्रती पाठवल्या. त्यातली एक घेऊन त्या गोदामाच्या फाटकावर गेल्या.

काकांनी खुर्ची दिली, चष्मा लावला. मजकुराच्या वाटेला ते गेले नाहीत. पानं उलटत उलटत ते कोष्टकापाशी येऊन थांबले.

"यात मी कुठं?"

"यात नावं नसतात, काका. पण तुम्ही इथं आहात." बाईंनी बोट ठेवलं. बंद पडलेले उद्योग: एकतीस. त्याखाली: पैकी कच्च्या मालाचा साठा किमान ठेवणारे: सव्वीस.

काकांनी ती ओळ वाचली. मग ओठ हलवत पुन्हा वाचली.

"सव्वीस?"

"हो."

"आपल्याच वसाहतीतले?"

"आपल्याच. तुम्ही केलंत तेच सगळ्यांनी केलं होतं."

बाहेर ट्रक येऊन उभा राहिला. हॉर्न वाजला. काका हलले नाहीत. त्यांचं बोट अजून त्या आकड्यावर होतं.

"मला वाटलं, मी एकटाच," ते म्हणाले.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. काकांनी लेख उघडाच टेबलावर ठेवला, वारा लागू नये म्हणून त्यावर पाण्याची बाटली ठेवली आणि रजिस्टर घेऊन बाहेर गेले. ड्रायव्हर खिडकीतून काहीबाही खेकसत होता. काका त्याच्याकडं न बघता, सावकाश, एकेक आकडा सुटा काढत गाडीचा नंबर लिहीत होते.