न सरकणारा ठिपका

मित्रांनो, जगातल्या साऱ्या बर्फाचा हिशेब माझ्या खांद्यांवर उभा आहे. खांदे मला नाहीत. मी तीन पत्रे काटकोनात जोडून केलेला एक जुना कोपरा आहे, आणि मेंढपाळ मला मोडकी शेगडी समजतात.

नारिन गावच्या लोहाराने मला ठोकून घडवले. मेदेर नावाच्या मोजणीदाराने मला हिमनदीवर रोवले. तेव्हापासून आकाशातून उपग्रह जाताना न दिसणाऱ्या किरणांनी मला हाक मारतो. मी ओ देतो, की त्याच्या चित्रात माझा पांढरा ठिपका उमटतो. बर्फ खाली सरकला की आपणही सरकायचे, एवढेच माझे काम. सुरुवातीला त्याचे फार कौतुक झाले.

मग माझा ठिपका थांबला. चित्रात सगळी हिमनदी वाहत होती, मी तेवढा जागच्या जागी. कचेरीत कुणी म्हणाले, पत्रा बिघडला. कुणी हळूच म्हणाले, तिथे काहीतरी त्याला धरून बसले आहे.

धरून बसली होती बुरमाकान. तिचा नवरा मेंढी शोधताना तिथल्याच भेगेत पडला होता आणि वरून बर्फ मिटला होता. मी घसरलो, की ती मला पाठीवर बांधून, काठावरच्या दोन कड्यांची रेघ धरून, पुन्हा त्याच जागी रोवायची. पण मित्रांनो, घसरताना माझ्या पायांखाली कुणीतरी सोबतीला असे. वर नेल्यावर खाली कुणीच नसे. हे तिला सांगायला मला तोंड नव्हते.

एकदा मेदेरने तिला वाटेतच गाठले. मी तिच्या पाठीवर होतो.

"आपा, हा तुम्ही वर नेता?"

"मग काय तुझा उपग्रह उतरून नेणार? खूण हलली तर ह्यांच्यासाठी दुवा कुठे मागू?"

मेदेरने खाली दरीकडे बोट दाखवले.

"आपा, बर्फ वाहतो. ते केव्हाच पुढे गेले. वर आता कुणी नाही."

बुरमाकानने मला खाली ठेवले.

"जन्मभर हेच केलं ह्यांनी," ती म्हणाली. "न सांगता पुढे, आणि मी मागे."

आजूबाजूचा बर्फ किती सरकला ते मेदेरने चित्रांवरून काढले आणि तेवढे खाली उतरून मला रोवले. पायांखाली कुणीतरी कूस बदलली.

आता आम्ही दोघे दरीकडे निघालो आहोत. ठिपका कुठवर आला, ते मेदेर तिला कळवतो. हिमनदीच्या तोंडाशी ती वाट पाहील. तिचे केस पांढरे असतील, त्याचे काळेच.

म्हणून मित्रांनो, इकडे आलात तर माझ्यात साचलेला बर्फ तेवढा झाडा. आणि माझ्या आडोशाला चहा उकळू नका. बूड भाजते.