जे परत आले नाहीत

माझा दादा, वैद्य गुई, तीस वर्षं चीनमधल्या पंग्झोऊत काढ्याच्या पुड्या देतोय. मुळ्या चिरायचं, औषधांच्या कपाटाचे खण भरायचं काम माझं. मेंदूला झटका येऊ नये म्हणून म्हातारीकोतारी त्याच्याकडे यायची. त्यांना तो चुआनशिओंगच्या मुळीचा काढा द्यायचा. "ही रक्त वाहतं ठेवते," म्हणायचा.

गेल्या वसंतात एका सकाळी पुडीसाठी मुळ्या तोलताना त्याच्या उजव्या हातातून तागडी निसटली. तोंड एका बाजूला ओघळलं. मी चूल पेटवायला आत धावले. त्याचाच काढा त्याला पाजायचा, दुसरं मला काय सुचणार?

"यिंगहे," तो जड जिभेनं म्हणाला, "चूल नको. गाडी बघ. दवाखाना."

शेजाऱ्याच्या टेम्पोतून नेलं. वेळेत आणलंत म्हणून इंजेक्शननं मेंदूतली गुठळी विरघळली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हात मात्र अधू राहिला.

त्याचं ते 'चूल नको' माझ्या मनातून जाईना. आठव्या दिवशी दवाखान्यात त्याला पेज भरवताना विचारलंच, "दादा, लोकांना काढा आणि तुला दवाखाना. मग ते सगळं खोटं होतं का?"

"झटका आल्यावर काढा पाजा, असं मी कधी कुणाला म्हणालो?"

"पाजू नका, असंही नाही म्हणालास."

त्यानं डाव्या हातानं वाटी बाजूला सारली. "नाही म्हणालो, खरंय. आणि झटका टाळायला जो द्यायचो, त्याचंही मला नक्की ठाऊक नाही गं. जे परत यायचे ते म्हणायचे, बरं वाटतंय. जे आले नाहीत, त्यांच्या घरी आपण कधी गेलो?"

घरी आल्यावर त्यानं जुन्या वह्या काढायला लावल्या. येईनासे झालेल्यांची नावं उतरवून घेऊन मी निघाले. पहिलंच घर कोउकाकूंचं. त्यांच्या यजमानांनी सहा वर्षं काढा घेतला होता.

"ते पडले तेव्हा मी काढा उकळत ठेवला," काकू म्हणाल्या. "दुपारपर्यंत उतार पडायची वाट पाहिली, तोवर ते गेले. दादाला सांगू नकोस हो, जिवाला लावून घेईल."

मी सांगितलं. दादा त्या दिवशी जेवला नाही.

आता तो प्रत्येक पुडीवर डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात लिहितो: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर आधी दवाखाना. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नका. लिहायला वेळ लागतो. लोक कुरकुरतात.

"वैद्यबुवा, तुमचाच तुमच्या औषधावर विश्वास उडाला काय?"

"उडाला नाही," तो मान वर न करता म्हणतो, "किती ठेवायचा ते शोधतोय. बसा जरा."