मुंजाजीचं वाक्य

मला इंग्रजी येत न्हाई. पण 'पुट अप विथ' म्हणजे काय, ते मला विचारा. आमचे मास्तर, म्हणजे माझे मालक दिनकरराव, गंगाखेडच्या शाळेत इंग्रजी शिकवतात आणि सकाळी घरच्या ओट्यावर चार पोरांची शिकवणी घेतात. आठ दिवस तेच घोकून घेत होते. पुट अप विथ म्हणजे नाइलाजानं निमूट सोसणं, आणि 'विथ'च्या पुढं जे सोसायचं त्याचं नाव. भाकरी थापता थापता माझंबी पाठ झालं.

परवा शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. साहेबाचा मुक्काम पडला की कोंबड्या, सरपण, चारा, राबायला माणूस, सगळं लोकांनी फुकट द्यायचं, ही निजामाच्या राज्यातली रीत. त्या दिवशी वेठीला लिंबाजीला धरलं होतं. सकाळपासून उपाशी माणूस शाळेसमोर साहेबाचा घोडा धरून उभा. आणि वर्गात साहेबानं नेमकं त्याच्याच पोराला, आमच्या शिकवणीतल्या मुंजाजीला उठवलं. पुट अप विथ वापरून वाक्य सांग म्हणले.

मुंजाजीनं खिडकीबाहेर बघितलं आणि इंग्रजीत सांगितलं, "माझा बाप तुमचा मुक्काम सोसतो."

साहेबाचं तोंड लाल झालं. त्यांनी मास्तरांना विचारलं, "वाक्य बरोबर आहे?"

"चूक आहे, साहेब," मास्तर म्हणले. "पोराला अर्थच कळला नाही."

"मग असला ढ इथं कशाला?" म्हणत साहेबानं मुंजाजीचं नाव तिथंच खारीज केलं.

हे मला मास्तरांनी संध्याकाळी जेवताना सांगितलं. मी विचारलं, "वाक्य बरोबर होतं ना?"

"होतं."

"मग?"

"नोकरी गेली असती, पार्वती. तुझ्याकडं बघून गप बसलो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गप कुठं बसले, चांगलं तोंड उघडून खोटं बोलले की. आणि वर निमित्त माझं. पोराचं वाटोळं माझ्या नावावर करायला मी सांगितलं होतं का यांना?

सकाळी ओट्यावर तीनच पोरं. मास्तर खुशाल नवा धडा काढायलेत. मी तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले.

"पोरांनो, मुंजाजीचं वाक्य बरोबर होतं. मास्तरांनी माझ्यापुढं कबूल केलंय. लिहा ते पाटीवर."

"पार्वती, गावभर होईल," मास्तर हळूच म्हणले.

"व्हावं म्हणूनच सांगायलेय."

पोरांनी खाली मान घालून लिहिलं. एकाचं एक अक्षर चुकलं. मास्तरांना ते दिसलं. मग राहवलं न्हाई त्यांना. पाटी ओढून घेतली आणि अक्षर दुरुस्त केलं.

मी आतून त्यांची टोपी आणून मांडीवर टाकली.

"इथलं झालं. आता शाळेत हेडमास्तरांपुढं जाऊन दुरुस्त करा. नोकरी गेली तर उपाशी राहणं सोशीन मी. तुमचं हे सोसणार न्हाई."