वीस प्रश्नांत एक दाढ

कुलूप कसलंही असो, मी तीन मिनिटांत उघडतो. तोच धंदा आहे माझा. पण स्वतःचं तोंड उघडायचं म्हटलं की मी पळ काढतो. तीन आठवडे दाढ ठणकत होती. शेवटी बायकोनं मला दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आणून बसवलं आणि स्वतः दाराशी स्टूल टाकलं. पळायची सोय संपली.

डॉक्टरांनी हिरडीत सुई टोचली. "आता बधिर होईपर्यंत आपला डाव!"

हा त्यांचा नाद. पेशंटनं मनातला शब्द चिठ्ठीवर लिहायचा आणि सोबतच्या माणसाकडे द्यायचा. डॉक्टर वीस प्रश्न विचारणार, पेशंटनं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. कुणी खूण केली की डाव बाद, परत पहिल्यापासून. आणि डाव संपल्याशिवाय ते दाढेला हात लावत नाहीत म्हणजे नाहीत.

घड्याळात साडेबारा. एकला दवाखाना बंद, मग डॉक्टर आठ दिवस लेकीकडे. अर्धा तास रेटला की दाढ माझीच!

मी लिहिलं, 'जांभई'.

"खायचं असतं?"

"नाही."

"विकत मिळतं?"

"नाही."

"माझ्याकडे आहे?"

हे अवघड होतं. "हो," म्हटलं.

डॉक्टरांनी दोन्ही खिसे उलटे केले. सतराव्या प्रश्नाला बायकोचा धीर सुटला. तिनं त्यांच्यासमोर येऊन भलामोठा आऽऽ केला.

डॉक्टरांनी डोळे गच्च मिटले. "वहिनी! खूण! मी काही पाहिलं नाही. डाव बाद!"

"अहो, पण ह्यांना मुद्दाम..."

"बोलायचं पण नाही! पहिल्यापासून. खायचं असतं?"

मी बायकोला डोळा मारला. ती अशी भडकली की अकराव्या प्रश्नाला परत आऽऽ. परत बाद! बारा पन्नास. मला बायकोची पापी घ्यावीशी वाटली, पण ओठ जागेवर आहेत की नाहीत तेच कळेना.

तेवढ्यात घात झाला. बायकोला खरीच आली. तिचं बघून ट्रे धरलेल्या नर्सबाईंना आली. डॉक्टर "हे घराबाऽऽऽहेर असतं?" म्हणाले आणि त्यांचं त्यांनाही कळलं नाही. जांभई आता माझ्याकडे निघाली होती. मी जबडा आवळला. कान वाजायला लागले, डोळ्यांतून पाणी. एकला दोन मिनिटं कमी.

"रडताय? दुखतंय का?"

"नाऽऽऽऽऽऽऽ..."

"जांभई!" डॉक्टर किंचाळले.

"हो! हो! हो!" बायको चिठ्ठी नाचवत उठली. डाव संपला होता आणि माझं तोंड सताड उघडं होतं. कच्चकन् आवाज आला. दाढ ट्रेमध्ये.

मी कापसातून ओरडलो, "हा प्रश्न नव्हता! नुसतं ओरडलात तुम्ही! नियम काय सांगतो?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. डाव बाद."

"मग दाढ परत बसवा!"

"दाढ नाही हो बसत. डाव मात्र परत खेळू शकतो." आणि खुर्ची ओढून बसलेसुद्धा.

"खेळा, खेळा," बायको पदर खोचत म्हणाली. "ह्या वेळी ह्यांची शेजारची दाढ पणाला लावू."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून रस्त्यावर आलो, तेव्हा एकचे ठोके पडत होते.